गोठा, गोबर गॅस आणि सोजराबाईची मजुरी

मी शारदाबाई, कै. अच्युतराव यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार औराद, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय करीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. दुपारी बसल्या जागी डोळा लागतो आणि जाग आल्यावर कोणते साल आहे ते क्षणभर उमगत नाही, एवढेच. कोणाला काय द्यायचे, ते मात्र झोपेतही ठाऊक असते.

१. राहते घर व तुरीचे शेत चिरंजीव प्राणेश यास. तो बीदरला शिक्षक आहे. त्याच्या घरी सिलिंडर आहे, तेव्हा बाब तीन त्याने शांतपणे वाचावी.

२. दीर मुकुंदराव यांस माझी पितळी फुंकणी. बाहत्तर साली... नव्हे, ब्याऐंशी साली सरकारी अनुदानातून आमच्या गोठ्यामागे गोबर गॅस बांधला, तेव्हा ते म्हणाले होते, "शेणाच्या वासावर शिजलेला नैवेद्य देवाला चालत न्हाई." त्याआधी चाळीस वर्षे चुलीच्या धुरात माझे डोळे जळले, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. आता स्वतः फुंकून पाहावे.

३. गोठा, त्याखालची माझ्या नावची जागा, गोबर गॅस, दोन म्हशी, दोन गाई व एक बैल हे सर्व सोजराबाई हिला मजुरीपोटी. ही बौद्ध वस्तीत राहते. तिने वीस वर्षे आमचा गोठा झाडला आणि त्याबदली गोवऱ्यांसाठी शेण नेले. कारण लिहिते, म्हणजे पुढे वाद नको.

गॅस आला आणि मी हरखून गेले. लोखंडी टाकी सकाळी फुगून वर येई, स्वयंपाक झाला की सावकाश खाली बसे. शेगडीतली निळी ज्योत बघत मी तासन्‌तास बसे. आपण पाण्याखाली आहोत असे वाटे. पण सगळे शेण टाकीत जाऊ लागले. सोजराबाई रिकामी पाटी घेऊन उभी राहिली.

"अक्का, तुमच्या चुलीला सरकारनं पैसे दिले. माझ्या चुलीचं शेण तेवढं गेलं. आता मी कशावर शिजवू?"

"रॉकेल घे," मी म्हणाले.

ती निघून गेली. चार वर्षे आम्ही बोललो नाही.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ती सरपणाला गेली असता माळावर पडली. हात मोडला. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या घरी गेले. ती डाव्या हाताने ओल्या पऱ्हाट्या चुलीत सारत होती. धुरात आम्ही एकमेकींना दिसतही नव्हतो.

"कामून आलाव, अक्का?"

मी तिच्या हातातल्या पऱ्हाट्या घेऊन चुलीत सारल्या. हात बरा झाल्यावर तिला घेऊन मी कचेरीत तिच्या गोबर गॅससाठी अर्ज द्यायला गेले. तिथले कारकून म्हणाले, "जनावरं न्हाईत, जागा न्हाई, मग अनुदान कामून मागायलाव?"

परत आल्यावर गोठ्याच्या पडवीत मी दुसरी शेगडी बसवली. तेव्हापासून ती दुपारी तिथे भाकरी करते. मुकुंदरावांनी येणे बंद केले. भाकरी झाल्या की आम्ही दोघी तिथेच पेंगतो. मला एकच स्वप्न पडते: संध्याकाळ झाली आहे, गावावर धूर नाही, बायका उंबऱ्यात बसल्या आहेत आणि कोणीच डोळे पुसत नाही.

प्राणेशला हे स्वप्न आणि कचेरीतले उत्तर, दोन्ही सांगितले. तो म्हणाला, "आई, ज्याच्याकडं शेण हाय त्यालाच सरकार देणार. नियमच हाय."

"मग शेणच तिच्या नावावर करते," मी म्हणाले.

 दुसऱ्या दिवशी त्यानेच कागद आणून दिला.

४. सोजराबाईने त्या जागेवर घर बांधल्यास गल्लीतल्या कोणी अडवू नये. अडवल्यास प्राणेशने तिच्या बाजूने उभे राहावे. ही माझी आज्ञा आहे, विनंती नव्हे.

५. बाब तीन लिहून झाल्यावर मी ती सोजराबाईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "दान म्हणून लिवू नका, अक्का. गोठा मी झाडलाय." म्हणून तिथे 'दान' हा शब्द खोडून 'मजुरी' असा लिहिला होता. नंतर सगळा कागद स्वच्छ उतरवून घेतला. वरील सर्व मिळकत सोजराबाईस मजुरीपोटी दिली आहे, असेच वाचावे.

ठिकाण : औराद
तारीख : १४ मार्च १९८८

सही : शारदाबाई अच्युतराव

आमच्यासमक्ष सही झाली :
१. रामकिशन, किराणा दुकानदार
२. मल्लिकार्जुन, निवृत्त पोस्टमास्तर