राजकन्या एकटी जाते

लातूर,
१९ जानेवारी २०२५

चि. रुद्रेश यास अनेक आशीर्वाद.

मी आणि राजकन्या बरे आहोत. थंडीनं माझा गुडघा दुखतो, एवढंच. नांदेडला थंडी कशी आहे? तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहीत नाही. उचललास तरी हे मला बोलता येणार नाही.

तू तिच्यासाठी पाठवलेलं घड्याळ आठ महिने कपाटात होतं. चार्जर हरवला असं तुला सांगितलं, ते खोटं. दिवाळीनंतर माझा गुडघा धरला, तिला त्या विशेष मुलांच्या कार्यशाळेत सोडणं जमेना. सत्तावीस वर्षांची तुझी बहीण तीन दिवस डबा भरून दाराशी बसून राहिली. चौथ्या दिवशी म्हणाली, "अप्पा, मी जाते ना एकटी."

बुद्धीनं ती सात-आठ वर्षांचीच राहील असं डॉक्टर म्हणाले होते. मी तेवढंच धरून बसलो होतो.

शेजारच्या इरानं घड्याळात रस्ता भरून दिला. उजवीकडं वळायचं असलं की मनगटावर एकदा थरथरतं, डावीकडं दोनदा. वाट सोडली की ओळखीचा आवाज येतो. तो माझा भरला. "राजकन्या, थांब! मागं फीर!" ऐकताच तिनं हातानं गाल झाकला.

सात वर्षांपूर्वी ती गोलाईच्या बाजारात हरवली, तेव्हापासून भिऊन बाहेर पडत नाही, असं मी तुला सांगत आलो. ती भ्याली नव्हती. कापडदुकानाच्या पायरीवर निवांत बसली होती, दुकानदारानं पाणी दिलं होतं. मला बघून हसली. आणि मी तिला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. पुढं कार्यशाळेखेरीज तिला उंबऱ्याबाहेर मीच जाऊ दिलं नाही. "तिला कोंडून ठेवलंय तुम्ही," असं तू तोंडावर बोललास, तर तुलाच घर सोडायला सांगितलं.

आवाज सहा वेळा भरला. सहाव्यांदा ती म्हणाली, "हां. आता रागात न्हाईत."

पहिला आठवडा मी लंगडत मागं जायचो. एकदा वळून म्हणाली, "अप्पा, मागं मागं कशाला येऊन राहिले? घरी जा."

गेल्या सोमवारी मोबाइलच्या नकाशावरचा तिचा ठिपका मध्येच थांबला. वीस मिनिटं हलेना. घड्याळावर फोन लावला.

"रस्ता खोदलाय, अप्पा. घड्याळ तिकडंच जा म्हणतंय. मी चहावाल्या मावशीला विचारून राहिले. ठेवा तुम्ही."

ठिपका भलत्याच गल्लीत शिरला. दहा मिनिटांनी कार्यशाळेत पोचला.

संध्याकाळी म्हणाली, "तुम्ही सारखं मागं फीर, मागं फीर म्हणत होते. मी ऐकलंच न्हाई."

"बरं केलंस," म्हणालो. मग तेव्हा थोबाडीत मारल्याची माफी मागितली. तिनं ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या ताटात ठेवली.

येत्या रविवारी तिला तुझ्याकडं यायचंय. एसटीत मी शेजारी बसेन. स्टँडपासून तुझ्या घरापर्यंत मात्र ती पुढं चालेल. तिला तू जवळ घेशीलच. मी आत यावं की फाटकापाशी थांबावं, ते हे वाचून तू ठरव. थांबायला सांगितलंस तरी राग धरणार नाही.

तुझा अपराधी,
अप्पा