पंखा चालू होता

प्रिय मामी,

तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. तुम्ही होतात तेव्हा आपलं बोलणं फोनवर "जेवलात का?" आणि "हो, जेवलो" एवढ्यावर आटपायचं. पण काल तुमच्या गजूचा फोन आला. "दाजी, धोंड्याचा महिना लागलाय. रेखा म्हणती, आई नसली म्हणून काय झालं, दाजींना बोलवायचंच. रविवारी या." मी हो-नाही म्हणायच्या आत फोन ठेवून दिला. तुमचाच मुलगा! तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मागच्या वेळी हा महिना श्रावणात आला होता, आता जेठात आलाय. मधल्या काळात तुम्ही गेलात, त्यालाही वर्ष उलटलं. एवढी काय घाई होती हो? आणखी एक धोंड्याचा महिना तरी थांबायचं होतं. तुमच्या हातचं एक जेवण माझं खायचं राहिलंय.

मागच्या धोंड्याला मी कसा दिसत होतो ते आठवतं ना? गालफडं बसलेली, डोळे तांबारलेले. शुगर वाढली म्हणून मी ते लो-कार्ब सुरू केलं होतं. भाकरी बंद, पोळी बंद, भात बंद, गूळ-साखरेचं तर नाव काढायचं नाही. कॉलनीतल्या मित्रांचा ग्रुप होता, त्यावर रोज कोण किती बारीक झालं त्याचे फोटो. माझीही शुगर उतरली, पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. मी आपला हवेत! तुमच्या लेकीनं, संगीतानं तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात म्हणे, "अगं संगे, गिरणीवालीचा जावई अन् पीठ खात नाय? गाव काय म्हणंल मला?"

झोप मात्र गेली. ग्रुपवर विचारलं तर सगळे म्हणाले, मीठ-पाणी घ्या, होईल सवय. घेतलं मीठ-पाणी. सवय झाली ती जागायची.

रात्रीचं सोडा, दिवसाचं सांगतो. गारखेड्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवणारा माणूस मी. नजर रस्त्यावर ठेवा, आरशात बघा, आजूबाजूला काय चाललंय त्याचं भान ठेवा, हे दिवसभर लोकांना सांगण्यावर माझं पोट. एकदा एका शिकाऊ मुलीनं रस्त्यातच कचकन ब्रेक मारला. मी दचकून विचारलं, "काय झालं?" "काही नाही सर," ती म्हणाली, "तुम्ही घोरत होतात." पुढचे काही दिवस तिला शिकवायला मी दुसऱ्याला पाठवलं. घरात तर माझ्याशी बोलायची सोय नव्हती. भांडं पडलं तरी खेकसायचो. संगीतानं उशी उचलली आणि मुलीच्या खोलीत मुक्काम हलवला.

तुम्हाला हे सगळं तिच्याकडून कळत होतं. तुम्ही काशाची वाटी धाडलीत, तळपायाला तूप लावून घासा म्हणून. घासली हो! पाय काळे झाले, चादर काळी झाली, संगीतानं माझा उद्धार केला, झोप काही आली नाही. तुमचं सगळंच बरोबर होतं असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाहीये, मामी. तसं लिहिलं असतं तर तुम्हीच हसला असतात.

मग तो धोंड्याचा दिवस आला. दौलताबादच्या त्या अरुंद दरवाजात गाड्या अडकल्या आणि स्टिअरिंगवरच माझी मान कलंडली. संगीतानं चिमटा काढला. अख्ख्या शहराला गाडी शिकवतो आणि बायको स्टिअरिंगला हात लावत नाही, आमच्या घरची ही तऱ्हा. पिशोरपर्यंत ती बिचारी काहीबाही बोलत राहिली, मला जागं ठेवायला.

तुमच्या दारात पाट मांडलेला होता. गजू-रेखानं पाय धुतले, तुम्ही कुंकू लावलंत, समई उजळलीत. ताटात पुरण भरलेले धोंडे, वर तुपाची धार, शेजारी तेहेतीस अनारसे नीट रचून ठेवलेले. अनारशाचे तांदूळ भिजवण्यापासून सगळं तुम्ही एकटीनं केलं होतं, रेखालाही हात लावू दिला नव्हता. आणि मी काय म्हणालो?

"मामी, मला यातलं काहीच चालत नाही. संगीतानं सांगितलं नाही का?"

"सांगितलं व्हतं," तुम्ही म्हणालात. "पर म्हणलं, देवाच्या महिन्यात एक दिस चालत आसंल."

"शुगरला देवाचा महिना कळत नाही, मामी."

असं बोलायला कुणी शिकवलं होतं मला? झोप नसली की माणूस चिडतो, हे खरं. पण समोर कोण आहे तेवढं कळण्याइतका तरी मी जागा होतो ना!

तुम्ही रागावला नाहीत. नुसतं म्हणालात, "बरं, खाऊ नका. हात तेवढा लावा ताटाला. जावयाचा हात लागला की माझं वाण पोचलं."

मी हात लावला. एका बोटानं. दुसऱ्या हातात फोन होता, कुणाला तरी शिकवणीची वेळ बदलून हवी होती. बोट धोंड्याला लागलं की ताटाच्या कडेला, तेही मी पाहिलं नाही. तुम्ही मात्र डोळे मिटून काहीतरी पुटपुटलात आणि ताट उचलून आत नेलंत. जावयाला जेवू घालणं म्हणजे देवाला जेवू घालणं, असं मानणारी माणसं तुम्ही. तीन वर्षांतून एकदा येणारा तुमचा देव फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

ते धोंडे मग गायीला घातलेत. "गाय काय तुमच्यावाणी नखरे करीत नाय," असं म्हणून तुम्हीच हसलात. मीही हसलो.

आणि ती अंडी! तुमच्या गळ्यात तुळशीची माळ. तुमच्या घरात कधी अंड्याचं टरफलही आलं नव्हतं. जावई उपाशी राहील म्हणून त्या पवित्र महिन्यात तुम्ही मागच्या अंगणात, गोठ्यापलीकडं तीन दगड मांडलेत आणि पत्र्याच्या जुन्या डब्यात अंडी उकडलीत. "गजूला म्हणलं तू उकड, तर त्यो कधीचा बाजारात पळालाय," तुम्ही म्हणालात. "मला तरी कुठं कळतंय किती उकडायचं ते! निबर झाली आसतील तर सांगा." निबर कसली, दगड झाली होती. मी खाल्ली आणि म्हणालो, "थोडं मीठ असेल तर द्या." एवढंच. दुसरा एक शब्द सुचला नाही मला!

नंतर संगीता आणि रेखा बाजारात गेल्या आणि मी पुढच्या खोलीतल्या बाजेवर टेकलो. भिंतीपलीकडं तुमची गिरणी. बाजाराचा दिवस, म्हणजे वाड्या-वस्त्यांवरच्या बायांची डबे घेऊन रांग. पट्टा धडधडत होता, भिंत हादरत होती, भिंतीला लागून बाजही हादरत होती. इथं कसली झोप, म्हणून मी पुन्हा फोन काढला. तो हातातून कधी गळला ते मला कळलं नाही.

जागा झालो तेव्हा उन्हं कलली होती. अंग इतकं हलकं झालं होतं की आपण कुठं आहोत हे आठवायला वेळ लागला. कित्येक महिन्यांत तशी झोप लागली नव्हती. बाहेर आलो तर गिरणी बंद. बाया पायऱ्यांवर गप्प बसलेल्या, डब्यांची रांग ओट्याच्या खाली गेलेली. तुम्ही दारात उभ्या होतात, पापण्यांवर पीठ तसंच.

"गिरणी का बंद?" मी आळस देत विचारलं.

"लाईट गेली," तुम्ही म्हणालात.

"बरं झालं गेली! वीजवाल्यांचे उपकारच म्हणायचे. नाहीतर तुमच्या या खडखडाटात कोण झोपणार?"

"व्हय," तुम्ही हसून म्हणालात, "लई उपकार त्यांचे."

परत येताना हाच विनोद मी संगीताला ऐकवला. ग्रुपवरही टाकला. लोकांनी हसून दाद दिली.

त्यानंतर तुम्ही फोनवर विचारायला लागलात, "डोळा लागतो का आता?" मी तुटकपणे म्हणायचो, लागतो. लागत नव्हता. एकदा तुम्ही म्हणालात, "जावईबापू, जेवायला नका येऊ. नुसतं झोपायला या की एक दिस." मी हसण्यावारी नेलं. "एवढ्या लांब झोपायला येऊ? पेट्रोल काय फुकट मिळतं?" तुम्ही पुन्हा तो विषय काढला नाहीत. मामी, त्या बोलावण्यात काय होतं ते मला तेव्हा कुठं माहीत होतं!

मी पिशोरला आलो तो थेट तुम्ही गेल्यावर.

दशक्रियेला खूप बाया आल्या होत्या. तुमच्या गिरणीवर दळण नाही असं त्या भागात घर नसावं. त्यात वाडीवरच्या एक आजी माझ्याकडं निरखून बघत होत्या. मग जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच का ते झोपलेले जावई?"

मला काही कळेना. त्या सांगायला लागल्या. "आमची जीप हुकली त्या दिशी तुमच्यापायी. भर बाजाराचा दिवस, अन् तुमच्या सासूनं मोटार बंद केली. दारात पदर खोचून हुबी ऱ्हायली. म्हणे, माझ्या जावयाचा लई दिसांनी डोळा लागलाय, कुणी डबा वाजवायचा नाय. एक बाई कुरकुरली तर तिला म्हणली, तुझं दळण फुकट देते दळून, पर बोलू नको. आमी बसलो आपल्या पायऱ्यांवर, लेकरावाणी तोंडावर बोट ठिवून."

"पण त्या दिवशी लाईट गेली होती ना?" मी विचारलं.

"लाईट कुठली जाती! दारातनं दिसत व्हतं की, पंखा फिरत व्हता तुमच्या डोक्यावर."

मामी, पंखा चालू होता. आता आठवतो मला तो. बाजेच्या बरोबर वर, वरच्या दांड्याला जळमट लोंबत होतं, आणि जाग आल्यावर काही वेळ मी त्याच्याकडंच बघत पडलो होतो. गार वारा लागत होता अंगाला. दुसऱ्याच्या चुका आरशात टिपणारा मी, आणि डोक्यावर फिरणारा पंखा मला दिसूनही दिसला नाही.

मामा गेले तेव्हासुद्धा सुतक फिटल्याबरोबर तुम्ही पट्टा चढवला होतात. गजूच्या लग्नात हळदीच्या अंगानं दळणं उरकली होतीत. "गिरणी थांबली की गावाच्या चुली थांबत्यात," हे तुमचंच वाक्य. ती गिरणी तुम्ही बाजाराच्या दिवशी थांबवलीत. कुणासाठी? ज्यानं तुमच्या ताटाला धड हातही लावला नव्हता, त्याच्यासाठी. आणि उठल्यावर त्यानं उपकार मानले वीजवाल्यांचे!

का नाही सांगितलंत मला? एकदा तरी म्हणायचं होतं, "लाईट नाय, मी बंद केली." तुमचाही थोडा राग येतो कधीकधी. माणसानं इतकं गुपचूप करू नये हो. मागे राहणाऱ्याला ते फेडायला जागाच उरत नाही.

त्या दिवशी पिशोरहून घरी आल्यावर मी गाडीतून लवकर उतरलोच नाही. वर गेलेली संगीता परत पार्किंगमध्ये आली, "काय झालं?" म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई होती ती," आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसून रडली. मीही रडलो.

आता माझी तब्येत बरी आहे. डॉक्टरांनी औषध बदललं, रात्री अर्धी भाकरी खायला सांगितली. झोप हळूहळू आली परत. भाकरीनं आली, औषधानं आली की वयानं, देव जाणे. पण तुमच्या बाजेवर लागली होती तशी पुन्हा कधी लागली नाही. त्या झोपेसाठी अख्खं गाव गप्प बसलं होतं, तशी कशी लागेल?

रविवारी येतोय मी. डॉक्टरांना विचारलंय, एक धोंडा चालेल म्हणाले. दुसऱ्याचं मी विचारलेलंच नाही. फोन गाडीत ठेवून येईन. ताटाला दोन्ही हात लावीन, खाली मान घालून, तुपासकट खाईन. रेखाच्या हातचं असेल, पण वाण तुमचं समजेन. मागच्या वेळी पोचलं नसेल तर ते या वेळी तरी पोचू दे.

मग त्याच बाजेवर आडवा होईन. गजूला आधीच बजावलंय, कुणी काही म्हणो, गिरणी बंद करायची नाही. भिंत हादरू दे, बाज हादरू दे, बायांना त्यांच्या जीपा मिळू देत. झोप लागली तर लागली. नाही लागली तर पंख्याकडं बघत तुमच्या गिरणीचा आवाज ऐकत पडून राहीन. आणि उठल्यावर या वेळी उपकार तुमचे मानीन.

तुमचा झोपलेला जावई,
दिलीप