तीन पाणके आणि टिकलीची बाटली

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघ्यांच्या परवानगीने जेवढं वाकता येईल तेवढं). तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला अजून फक्त पाहुण्यांसमोरच येतो का? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, फक्त मी बेकार झालो आहे. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर झालो होतो तसा नाही, त्याहून वाईट.

तू टिकलीच्या दुधाच्या बाटलीला विणून पाठवलेला लोकरी अंगरखा आता माझ्या चष्म्याला घालतो, कारण बाटली घरातून हद्दपार झाली. टिकली म्हणजे माझी दीड वर्षांची नात (तुला ठाऊक आहे, पण तू माझी पत्रं शेजारणींना वाचून दाखवतेस म्हणून लिहितो). तिला झोपवणं हे माझं खातं. बैठकीच्या खोलीतली आरामखुर्ची, मांडीवर ती, तिच्या तोंडात बाटली. दूध अर्ध्यावर आलं की तिचे डोळे मिटायचे आणि बाटली संपायच्या आत माझेही. सूनबाई म्हणायची, बाबांसारखं कुणाला जमत नाही. या वयात असं प्रशस्तिपत्रक मिळणं सोपं नाही, ताई.

मग सूनबाईला टिकलीच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीच्या कडेला, पांढरट पट्टे दिसले. सगळा लवाजमा दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. टिकलीने त्यांचं बोट चावलं. त्या उलट खूश झाल्या. म्हणाल्या, चावता येतंय की हिला, मग सगळं कुस्करून का भरवता? उकडलेल्या गाजराची फोड द्या, भाजलेला पाव द्या, जबड्याला काम मिळालं तर तो नीट वाढेल. आणि झोपताना बाटली बंद. झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांवर तसंच साचून राहतं आणि त्यातली साखर किडीच्या पथ्यावर पडते. हे पट्टे म्हणजे कीड दारात येऊन उभी आहे, अजून आत आलेली नाही. मी म्हटलं, दुधाचेच दात ना, उद्या पडणारच आहेत. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, भाड्याचं घर म्हणून छप्पर गळू देता का? आणि पक्के दात याच जागेत राहायला येणार आहेत." (तुमचंही तोंड बघू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला एकदम भाजी आणायची असल्याचं आठवलं.)

बाटली एकदम तोडली तर पोर घर डोक्यावर घेईल, म्हणून रोज दुधात थोडं थोडं पाणी वाढवत न्या, शेवटी नुसतं पाणी उरेल, असा त्यांनी मार्ग सांगितला. आता आमच्या घरची पद्धत तुला माहीत आहे. बाटली तीन हातांतून जाते. सूनबाई भरते, आमची ही कोमट करते, मी पाजतो. सूनबाईला वाटलं, या दोघांच्याने हे व्हायचं नाही, जीव तुटेल त्यांचा. तिने गुपचूप पाणी घातलं. हिला वाटलं, आईचं काळीज ते, ती कसली घालतेय, हिनेही घातलं. आणि मी हिला चांगला ओळखून आहे (नातीच्या दुधात घालायचं पाणी ती माझ्या चहात घालील), म्हणून खुर्चीत बसण्याआधी मीही कर्तव्य बजावलं. तिघांनी, एकमेकांच्या चोरून, आणि तेही सढळ हाताने.

टिकलीने एक घोट घेतला. बाटली तोंडातून काढली, मी घड्याळ धरायचो तशी दिव्यासमोर धरली, माझ्याकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाली, "पाणी." ताई, पोरीच्या तोंडचा पहिला स्पष्ट शब्द. तो "आई" असणार की "आजी", यावर सासू-सुनेत केव्हापासून चढाओढ होती. दोघी धावत आल्या, आणि तिन्ही आरोपी एका जागी सापडले. आधी आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहत राहिलो. मग सूनबाईला हसू फुटलं ते आवरेना, आणि तिच्या पाठोपाठ आम्हा दोघांनाही.

टिकलीचा मात्र बाटलीवरचा विश्वास कायमचा उडाला. आता ती जेवताना कपातून दूध पिते (निम्मं पोटात, निम्मं फ्रॉकवर), गाजर चावते, सूनबाईकडून दात घासून घेते आणि आईच्या कुशीत झोपी जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आलात, पट्टे वाढलेले नाहीत. घरात आनंदीआनंद आहे. मीही आनंदात आहे. भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : मी मुळीच आनंदात नाही. बाटलीबरोबर माझीही नोकरी गेली, आणि रिकाम्या मांडीने खुर्चीत बसवत नाही. पत्राचं खरं कारण हे की तू चार दिवस ये आणि थोरलेपणाच्या अधिकाराने सूनबाईला सांग की पोरगी आजोबांच्या मांडीवरच झोपली पाहिजे. तुझ्यापुढे बोलायची या घरात कुणाची छाती नाही. कारण देऊ नकोस, तू कधीच देत नाहीस.

पुन्हा ता. क. : सूनबाईला काही सांगू नकोस. वरचं लिहून पाकीट शोधायला उठणार, तोच टिकली आपल्या पायांनी आली, मांडीवर चढली आणि माझ्या शर्टाची गुंडी धरून भरदुपारी गाढ झोपली. एका हाताने लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. पाय बधिर झाला आहे, पण मी हलणार नाही. ताई, इतके दिवस मला वाटत होतं ती दुधासाठी येते.