दोन तऱ्हांचा बिहाग

९ जुलै १९८४, भिलाई
संगीतात एम.ए. झालं, पहिला वर्ग. बाबा प्लँटमधून आल्या आल्या म्हणाले, आता बी.एड. कर, शाळेत जागा निघून राहिल्या. म्हटलं, पुढच्या वर्षीही निघतील. पीएच.डी. करायचीच. सरांनी विषय आणायला सांगितलाय.

१४ जुलै
विषय ठरला. नागपूरचे मार्तंडबुवा. स्वतः मैफिली फार केल्या नाहीत, पण त्यांच्या बंदिशी अजून शिकवल्या जातात, कित्येकदा नावही न घेता. माणूस गेला, चीज राहिली. हे कसं होतं, तेच शोधायचं. सर खूश. बुवांच्या मुलाला, अण्णासाहेबांना, भेटून ये म्हणाले. सगळ्या बंदिशी त्यांच्याकडेच आहेत.

२१ जुलै
पॅसेंजरने नागपूर. अण्णासाहेब चांगले बोलले. बिहागची बंदिश म्हटली, टेप करू दिली. आई पोळ्या लाटताना म्हणते तीच! पण हे पंचमावरून उतरताना तीव्र मध्यम लावतात, आई लावत नाही. सांगितलं तर हसले. ऐकीव शिकणाऱ्यांच्या चुका, म्हणे.

२३ जुलै
आईला विचारलं. तिच्या वडिलांनी, आबांनी, शिकवलेली. ते गोंदियाला रेल्वेत गार्ड होते, बुवांकडे जाऊन बसायचे.
"मले तर असंच शिकवलं. चूक असंन तर आबाईले विचार." आबांना जाऊन वीस वर्षं झाली.

२ ऑगस्ट
इथेच भिलाईत, रुआबांध्याला मैत्रा काकू राहतात, मैत्रिणीची आई. त्यांना ही बंदिश येते. लहानपणी खरगपूरला शिकल्या. त्यांच्याही बिहागात तीव्र मध्यम नाही!! आईची नि त्यांची ओळखसुद्धा नाही. दोघी एकच चूक कशी करतील? मग चूक नसेलच. बुवांनीच कधीतरी असंही शिकवलं असणार.
घरी येईपर्यंत सायकलवर गातच होते.

८ ऑगस्ट
सरांना आवडलं नाही. अण्णासाहेबांचा निरोप आलाय त्यांना: बुवांच्या घरचंच रूप खरं, बाकी सगळी बिघडलेली, असं लिहिणार असेन तरच बंदिशी मिळतील.
सर म्हणाले, "बेटी, पहले डिग्री ले लो. सच बाद में लिखना."
म्हटलं, सर, बाद में आईला आणि काकूंना कुठून आणू?

१२ ऑगस्ट
आईला टेप करायला बसवलं. आईने तीव्र मध्यम लावला. मी टेप थांबवली. "कावून बदललं?"
"तूच तं रोज ती टेप लावून राहिली. मोठ्या घरचं बरोबरच असंन. तुह्या कामात माह्यी चूक कावून ठेवू?"
जुनं म्हण म्हटलं. म्हणून पाहिलं तिने, पुन्हा पाहिलं. दर वेळी तो मध्यम येतोच. शेवटी कणीक मळायला उठून गेली.
मी काय केलं हे... आबांचं इतकी वर्षं टिकलं होतं.

१३ ऑगस्ट
काकूंकडून टेप करून आणली. नागपूरचं ऐकवलं नाही, काय शोधतेय तेही सांगितलं नाही.

१५ ऑगस्ट
सुट्टी. सिनॉप्सिस पुन्हा लिहिला. आता प्रश्न खरं कोणतं एवढाच नाही. कोणी 'हे बरोबर' म्हटलं की गाणं कसं बदलतं, तेही. आईचं आधीचं रूप मी नोटेशन करून दिलंय, मला पाठ आहे. नंतरचं टेपवर. दोन्ही देणार. माझ्यामुळे बदललं, हेही त्यातच.
बाबांनी वाचलं. बी.एड.चा फॉर्म स्वतःच कपाटात ठेवून दिला.

१८ ऑगस्ट
सरांनी सही केली. विद्यापीठाच्या समितीपुढे ठेवतील, पण बाजू घेणार नाहीत. चालेल. मीच बोलीन.

२० ऑगस्ट
उद्या समिती. अण्णासाहेबांनाही बोलावलंय, तज्ज्ञ म्हणून. सरांनी आज सांगितलं. बरंच झालं, जे काय ते समोरासमोर.
आई म्हणाली, मी येऊ काय? बाहेर बसून राहीन. मग साडीला इस्त्री करता करता, "अन् त्याईनं मले गा म्हटलं तं? कोणतं गाऊ?"
म्हटलं, जे येईल ते.