भेग पडलेले फ्लायव्हील

प्रति,
मा. ठाणे प्रमुख,
पोलीस ठाणे, बाजार विभाग.

विषय : माझ्या गुन्ह्यातील हत्यार गाडीमालकास परत न देण्याबाबत.
संदर्भ : मुद्देमाल कक्षाचा सोमवारचा आदेश.

महोदय,

मी धंद्याने मोटार मिस्त्री असून सध्या आपल्याच कोठडीत आहे. पंचनाम्यात "गोल लोखंडी चकती, वजन अंदाजे नऊ किलो, रक्ताचे डाग" अशी जी वस्तू नोंदली आहे, ते मोटारीचे फ्लायव्हील आहे. ते इंजिनामागे फिरते. क्लच प्लेट त्याला चिकटली की ताकद चाकांपर्यंत जाते. ही वस्तू गुरुवारी गाडीमालकाला मिळून दुसऱ्या गॅरेजात त्याच गाडीत बसणार, असे हवालदारसाहेबांकडून कळले.

१. सदर गाडी इस्पितळातील नर्सना घरून कामावर व परत पोहोचवते. क्लच घसरतो, जळका वास येतो म्हणून ती आमच्याकडे आली. गिअरबॉक्स उतरवला तर क्लच प्लेट आतल्या रिव्हेटांपर्यंत झिजलेली. क्लच बदलताना फ्लायव्हील दर वेळी बदलावेच लागते असे नाही, हे मी एकतीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. नुसते ओरखडे असतील तर लेथवर तासून घेता येते. उष्णतेचे निळे डाग असले तर मी विचार करतो. येथे मात्र बोल्टच्या भोकापासून करंगळीएवढी भेग गेली होती. तिथे विचार करायचा नसतो.

२. माझा भागीदार म्हणजे माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. नवीन फ्लायव्हील यायला चार दिवस लागणार होते आणि गाडीमालक स्टूल टाकून समोर बसला होता. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पॉलिश पेपर मारा आणि चढवा. तुम्हाला काय, सगळीकडे भुतंच दिसतात." भुते दिसतात हे खरे आहे. सहा वर्षांपूर्वी असेच एक फ्लायव्हील मी स्वतः "चालेल" म्हणून बसवले होते. ते जोरात फिरताना फुटले, पत्रा फाडून वर आले आणि चालकाचा पाय घोट्यापासून तोडून गेले. तो पाय बुटासकट मी उचलून गाडीत ठेवला होता. माझी चौकशी झाली नाही, कारण माझे "चालेल" कोणी लिहून घेतले नव्हते.

३. मी नको म्हणत असताना मेव्हणा फ्लायव्हील घेऊन गाडीखाली शिरला. मी त्याला पाय धरून फ्लायव्हीलसकट बाहेर ओढले. त्याने सतरा नंबरचा पाना माझ्या जबड्यावर घातला. दोन दात तिथेच पडले. मी त्याचे डोके बंपरवर आपटले. त्याने माझ्या बरगडीत गुडघा घातला, तोंडावर थुंकला आणि पुन्हा आत सरकू लागला. त्याचा उजवा हात फरशीवर टेकला होता. मी फ्लायव्हील दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले आणि त्या हातावर घातले. गाडीमालक बोंबलत रस्त्यावर पळाला.

४. माझ्या जबाबात "झटापटीत वस्तू निसटली" असे लिहिले गेले आहे. ते कृपया खोडावे. वस्तू निसटली नाही. बोल्ट तोच हात आवळणार होता, म्हणून मी तोच हात निवडला. पहिल्या घावाला तो ओरडला, "सोडा दाजी, सोडा!" तरी मी दुसरा घाव घातला. तीन बोटे दुसऱ्या घावाने गेली. पहिल्याचे कारण मी वर दिले आहे. दुसऱ्याला काही कारण नव्हते. त्याची पुरेपूर शिक्षा मला व्हावी.

५. गाडीमालकाचे म्हणणे असे की भेगबिग काही नाही, मिस्त्री सुटण्यासाठी थापा मारतो. तरी ते फ्लायव्हील तारेला टांगून पान्याने हलके ठोकून पाहावे. धड असेल तर घंटेसारखे वाजेल, भेग असेल तर फुटक्या मडक्यासारखे. परत देणे कायद्याने भागच असेल तर तुकडे करून द्यावे. बेड्यांसकट घण मी घालीन. तेही कायद्यात बसत नसेल, तर नर्सना बसवण्याआधी मला त्या गाडीत पुढे बसवून ती चढावर पूर्ण जोरात न्यावी. माझे दोन्ही पाय अजून शाबूत आहेत.

६. काल पत्नी पहिल्यांदाच मला भेटायला आली. एरवी ती रोज भावाला भरवायला इस्पितळात जाते. गजांतून एक कागद पुढे केला, "वाचा" एवढेच म्हणाली आणि वळली. मेव्हण्याने सांगितले ते तिने लिहून घेतले आहे : "भेग मी पण बघितली होती. दाजी बोलायच्या आधीच. वाटलं, महिनाभर तरी निघेल. ते गाडीत घालू देऊ नका. आणि दाजींना मी सोडणार नाही."

महोदय, त्याने सोडू नये. परंतु गाडीबाबत आम्हा दोघांचे आता एकच म्हणणे आहे, आणि ते गुरुवारपूर्वी आपल्या टेबलावर यावे, एवढ्यासाठी हा अर्ज.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
गॅरेजवाला मिस्त्री
(कोठडी क्रमांक दोन)
मंगळवार, ९ तारीख

सोबत : मेव्हण्याचे निवेदन, एक पान, पत्नीच्या अक्षरात. उजव्या हाताने सही करता येत नसल्याने खाली डाव्या अंगठ्याचा ठसा.