व्याह्यांना बेटापर्यंत न्यायचं आहे

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. कोणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

दुपारी मुलीच्या सासरी जेवण. व्याह्यांनी भिंतीवरचं नवं मेडल दाखवलं. निवृत्त झाल्यापासून पळायला लागलेत. जेवणभर तेच: बूट, गुडघे, घाम. मुलगी कौतुकाने मान डोलवत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, बाबा, तू हल्ली काय करतोस?

मी म्हणालो, शिडाची बोट चालवायला शिकतोय.

का म्हणालो, देव जाणे. येताना तलावावरच्या क्लबची पाटी वाचली होती, तीच जिभेवर बसली असावी. व्याही म्हणाले, वा, मग आम्हाला एकदा तलावातल्या त्या बेटाला फेरी मारून आणा. मी म्हणालो, त्यात काय, मे महिन्यात याच.

परतीच्या वाटेवर आमची ही सारखी कपाळाला हात लावत होती. अभिमानाने डोकं जड झालं असावं.

४ मार्च
क्लबात नाव घातलं. एकतीस वर्षं बस कंपनीत वेळापत्रकं केली. अडीचशे गाड्या माझ्या कागदावर धावायच्या. एक बोट ती काय! दोन महिने म्हणजे चिक्कार झाले.

शिकवायला एक कोचबाई आहेत. वयाने मुलीएवढ्या. पोहता येतं का, विचारलं. येतं म्हणालो. कॉलेजात यायचं. पोहणं विसरत नाहीत म्हणे.

९ मार्च, रविवार
पहिला धडा जमिनीवरच. नुसत्या गाठी. वर्गात एक दंतवैद्य आहे, फार शांत माणूस, प्रगती कठीण दिसते. माझी गाठ सगळ्यांच्या आधी तयार. कोचबाई म्हणाल्या, ही गाठ एका ओढीत सुटायला हवी. माझी तिघांनी ओढूनही सुटली नाही, शेवटी दोर कापला. पक्कं काम म्हणतात ते हे.

१६ मार्च, रविवार
पाण्यात उतरलो. बोट उलटली. तशी ती आज उलटायचीच होती. उलटली तर काय करायचं, हाच धडा होता. मी फक्त कोचबाईंचं बोलणं संपायच्या आत उलटवली.

पोहणं विसरतात.

२३ मार्च, रविवार
शिडाच्या खाली एक आडवी काठी असते, तिला बूम म्हणतात. वारा फिरला की ती या बाजूची त्या बाजूला जाते. मधे माझं डोकं होतं. टेंगूळ.

दोष सर्वस्वी वाऱ्याचा. आगाऊ सूचना न देता मार्ग बदलतो. आमच्या कंपनीत असल्या ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. निश्चय: वाऱ्याचं वेळापत्रक तयार करणार. आजवर कोणाला सुचलं कसं नाही?

ही टेंगळावर बर्फ धरून म्हणाली की व्याह्यांना फोन करा आणि खरं सांगून मोकळे व्हा. हिला खेळातलं काही कळत नाही.

६ एप्रिल, रविवार
दंतवैद्य बेटाला वळसा घालून आला. वशिल्याचा वारा, दुसरं काय! मी धक्का सोडून बराच पुढे गेलो होतो, पण उलटा. म्हणजे बोट सुलट, जाणं उलटं. मागे मागे जात काठच्या लव्हाळ्यात शिरलो. तिथून मोटारबोटीने आणलं. कोचबाई म्हणाल्या, असं जाणं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

११ एप्रिल
सकाळी मुलीचा फोन. नव्या ऑफिसला जायचा रस्ता सापडला म्हणाली. दोन बस, मधे थोडं चालायचं. मी विचारलं, कोणी सांगितलं? म्हणाली, पप्पांनी. पप्पा म्हणजे व्याही.

पूर्वी कुठेही जायचं असलं की मला विचारायची. कुठली बस, कुठे उतरू, शेवटची किती वाजता. मी तोंडपाठ सांगायचो आणि ती मैत्रिणींना सांगायची की माझ्या बाबाला सगळ्या बस येतात. आता तिला दुसरा माणूस मिळाला आहे आणि त्याच्याकडे मेडलं आहेत.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. शिवाय त्यांनी सांगितलेला रस्ता चुकीचा आहे, एकाच बसने जाता येतं.

बेट झालंच पाहिजे.

२० एप्रिल, रविवार
दोन आठवडे रोज पहाटेपासून धक्क्यावर बसून वाऱ्याच्या नोंदी केल्या. कोचबाईंना वाटलं, मला घरातून काढलं. त्यांनी चहा दिला.

निष्कर्ष धक्कादायक. सकाळी नऊपर्यंत वारा जवळजवळ नसतो. आणि वारा नसताना मी एकदाही पडलेलो नाही! म्हणजे माझ्यात खोट नाहीच. खोट वाऱ्यात आहे. व्याह्यांना अठरा मेला सकाळी सातला बोलावलं. दुसरा एखादा असता तर नशिबावर विसंबून राहिला असता.

४ मे, रविवार
परीक्षा. पाण्यात तरंगणाऱ्या लाल पिंपाला एकट्याने वळसा घालून यायचं. पिंपाला धडकलो, म्हणजे पिंपापर्यंत पोचलो हे कोणी नाकारू शकत नाही. कोचबाईंनी सुचवलं की मी पुन्हा पहिल्या वर्गापासून बसावं. चांगल्या विद्यार्थ्याला सोडवत नाही शिक्षकांना.

अठरा तारखेची गोष्ट काढली. बराच वेळ नाही नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या की बोट धक्क्यावरून दिसेल इतपतच न्यायची, दोघांनी लाइफ जॅकेट घालायचं, आणि मोटारबोट सारखी तयार राहील. मोठ्या माणसांना असा बंदोबस्त असतो.

बेट धक्क्यावरून दिसतंच.

१८ मे, रविवार. सकाळी पावणेसात
पान हलत नाही. तलाव आरशासारखा. माझं वेळापत्रक तंतोतंत! व्याही नवी टोपी घालून आलेत. मुलगी, जावई आणि ही धक्क्यावर. बोटीत एक वल्हं असतं, ते मी हळूच काढून ठेवलं. व्याह्यांसमोर वल्हं बरं दिसत नाही.

त्याच दिवशी, दुपारी
कोचबाईंनी बोट ढकलून दिली. काय झोकात निघाली! मुलीने टाळ्या वाजवल्या. बोट दगड टाकला तर पोचेल इतकी पुढे गेली आणि थांबली.

मी सुकाणू या बाजूला केलं, त्या बाजूला केलं. दोऱ्या ओढल्या, सोडल्या. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबत होतं. व्याह्यांनी विचारलं, आता? मी म्हणालो, आता वाऱ्याची वाट बघायची. कधी येतो? नऊला. त्यांनी घड्याळ बघितलं.

ऊन चढलं. धक्क्यावरच्यांनी डबे उघडून खायला सुरुवात केली. सगळं दिसत होतं.

व्याह्यांनी दोन्ही हातांनी बोटीच्या कडा धरल्या होत्या. चेहरा पांढराफटक. बोट हलत नव्हती, तरी. मग हळूच विचारलं, इथे पाणी किती खोल असेल हो? मी म्हणालो, मोजलं नाही. म्हणाले, मला पोहता येत नाही. घरी कोणाला माहीत नाही.

एकदा बांध फुटला तो फुटलाच. म्हणाले, पळणंही आवडत नाही. गुडघे रात्रभर ठणकतात. पण लग्न होऊन आल्यापासून सूनबाईंचं एकच चालू: आमचे बाबा या वयात रोज बसच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत चालत जातात. ते ऐकून ऐकून शेवटी बूट आणले.

मी थक्क झालो. शेवटच्या स्टॉपपर्यंत मी जन्मात एकदा चाललो, बस बंद पडली होती म्हणून. मी त्यांना सांगितलं की मला ती तुमची मेडलं ऐकवते, म्हणून मी या बोटीत आहे.

आम्ही दोघांनी धक्क्याकडे पाहिलं. तिने हात हलवला. आम्हीही हलवला.

बरोबर नऊला वारा आला. मिनिटाचा फरक नाही! शीड भरलं, नाक बेटाकडे वळलं, आणि पहिल्यांदाच बोट माझं ऐकायला लागली. व्याह्यांनी डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते.

बेट समोर होतं. खरंच समोर होतं. मी शीड उतरवलं आणि मोटारबोटीला हात केला.

धक्क्यावर व्याही सगळ्यांना सांगत सुटले की वारा फार बेभरवशाचा होता, यांनी वेळेत निर्णय घेतला. मुलीने माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला. मी कोरडाच होतो, पण राहू दिला.

२२ मे
मुलीचा फोन. पप्पांना त्या दिवसापासून बोटीचं वेड लागलंय, पहिल्या वर्गात नाव घातलंय, पण एकट्याने जायला संकोचतात, असं म्हणाली. बाबा, तू असलास तर त्यांना धीर येईल. छाती फुगली. लगेच क्लबात जाऊन नाव घालून आलो आणि व्याह्यांना फोन केला, घाबरू नका, मी आहे.

ते खोकले. मग म्हणाले की सूनबाईंनी त्यांना सांगितलं, बाबांनी पुन्हा नाव घातलंय, एकटे खचतील. म्हणून ते अर्ध्या तासापूर्वी पैसे भरून आले.

मग त्यांनी विचारलं, रविवारी किती वाजता? मी बस सांगितली.

१ जून, रविवार
पहिला वर्ग, दुसरा धडा. गाठी गेल्या रविवारी झाल्या. आज हवा हलकी म्हणून कोचबाईंनी आम्हा दोघांना एकत्र बोटीत बसवलं. स्वतः मोटारबोटीत शेजारीच. व्याह्यांच्या अंगावर दोन लाइफ जॅकेटं. सुकाणू त्यांच्याकडे दिलं. मला सांगितलं की कशालाही हात लावायचा नाही, आवाज दिला की दुसऱ्या बाजूला सरकायचं.

बेटाला वळसा घालून आलो.