त्याचं घामोळं

रविवार, संध्याकाळ. बोर्ली.

आठवडाभर ताप, जांघेत गाठी, लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी. आज डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हर्पिस आहे, संबंधांतून होतो म्हणाल्या. "पुरुषांना कधी एखादा फोड येऊन जातो, कळतही नाही. बायकांना बहुतेकदा जास्त त्रास होतो, आतपर्यंत. नवऱ्यालाही आणा."

नवरा बाहेर रिक्षात बसून मोबाईल बघत होता! न्हावा शेव्याला कामाला, पंधरवड्याने घरी येणार, आणि हा असा.

घरी येऊन सांगितलं तर म्हणतो, "मला कुठं काय झालंय? तुझंच कायतरी असंल."

"गेल्या महिन्यात तुम्हाला फोड आला होता तेव्हा पावडर कोणी मागितली?" मी विचारलं.

"ते घामोळं व्हतं."

घामोळं! तिथं, एकच? आणि मी खुळी, पावडर काढून दिली.

"मग उद्या चला, तपासून घ्या."

"उद्या ड्युटी हाय." लगेच बॅग भरली. दारात हळूच म्हणाला, "आयला सांगू नको."

दुखतंय का, एवढंही विचारलं नाही. रोगाची नाही, ह्याची किळस आली. तिथंच सासूबाईंना हाक मारली आणि सगळं सांगितलं.

त्या येऊन दारात आडव्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बॅग ठेव खाली."